खालीवर

गुरुवारी साडेसहाला इम्तियाज परकार येतात.
रुवीत, लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला.
जिन्यात वाफेचा आणि खळीचा वास,
दारावर माझं नाव अरबीत आणि इंग्रजीत.
मराठी आत आहे.

पहिल्या दिवशी म्हणाले, झोपेची गोळी लिहून द्या.
मी गोळ्या लिहीत नाही.
मग काय करता?
ते मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही,
आई फोनवर विचारते तेव्हाही नाही.

फॉर्मवर एक रेघ असते, शून्य ते दहा,
चिंतेची तीव्रता.
त्यांनी पेन टेकवलं, उचललं,
मॅडम, तसं काही नाही हो,
फक्त जीव खालीवर होतो.

फॉर्म बाजूला ठेवून मी विचारलं,
खाली कुठवर जातो?
हसले. मग बघितलं, मी हसत नाहीये.
हात पोटावर गेला, बेंबीच्या जरा वर.
इथवर.
आणि वर?
बोट कंठापाशी थांबलं, तिथेच राहिलं.

तेवढ्या दोन वितींत
आम्ही अकरा गुरुवार काढले.

पुस्तकांत याला वेगळी नावं आहेत,
ती मी परीक्षेत लिहिली आणि पास झाले.
पण पोटात गोळा येतो म्हणणाऱ्याला
मी विचारते, केवढा? लिंबाएवढा?
छातीवर दगड आहे म्हणणाऱ्या बाईला,
कोणी ठेवला?
लोक सांगतात ते बरोबरच सांगतात.
ऐकणारे हो हो म्हणून जिथून पुढे जातात
तिथे मी थांबते.
पद्धत म्हणाल तर एवढीच.

चौथ्या गुरुवारी ते कामाबद्दल बोलले.
बरक्याच्या पुढे, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट,
सतरा वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
पंप, दाब, गाळण्या, सगळं हातांनी हवेत मांडलं.
तेवढा वेळ जीव जागेवर होता.
दोघांच्याही लक्षात आलं, बोललं कोणी नाही.
आणि मीठ?
मीठ कुठे जाणार? परत समुद्रातच सोडतो.
पण एका जागी नाही, एकदम नाही.
लांब पाइप, त्याला भोकं, थोडं थोडं.
नाहीतर मासे मरतात.

सातव्या गुरुवारी अब्बा आले.
म्हणजे त्यांचं नाव आलं, पहिल्यांदा.
तिकडे खाडीकाठी, जोहोरच्या नमाजीनंतर माती दिली,
इकडे इम्तियाज कंट्रोल रूमच्या मागे
जनरेटरच्या आडोशाला, फोन आडवा धरून.
भाच्याने कॅमेरा धरला होता.
खांदे दिसले, चपला दिसल्या,
मग चित्र गोठलं.
कोणाचं तरी कोपर, त्यामागे थोडं पांढरं.
अठ्ठावीस मिनिटं त्या कोपराकडे बघत राहिले.
अलार्म वाजला तेव्हा व्हॉल्व्ह बघायला गेले.

सब्र कर, सगळे म्हणाले.
केला, म्हणाले. दोन वर्षं केला.

टिश्यूचा डबा मी पुढे सरकवत नाही.
सरकवला की माणसाला वाटतं, पुरे म्हणतायत.
खाली ड्रायर फिरत होता.
बऱ्याच वेळाने म्हणाले, वेळ झाली असेल.
अजून नऊ मिनिटं आहेत.
ती नऊ मिनिटं आम्ही बसलो.

घरचा अभ्यास दिला:
पाळीवर जायच्या आधी रोज अब्बांची एक गोष्ट,
छोटी. मोठी नको.
त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, वेळ,
तिसऱ्या रकान्यात,
सायकलला तेल घालायचे.
भाकरीचा पापुद्रा मला द्यायचे.
चिडायचे.
पट्ट्याने मारलं होतं.
ही ओळ त्यांनी वाचली नाही,
कागद फक्त माझ्याकडे फिरवला.

काल म्हणाले, या आठवड्यात जीव खालीच आहे.
वर येत नाही.
हे बरं की वाईट?
तुम्हाला काय वाटतं?
जड आहे. पण चार तास झोपलो.

दाराशी गेल्यावर वळले.
पुढच्या आठवड्यात पाळी बदलतेय,
सात वाजता चालेल?
चालेल, म्हटलं, आणि लिहून घेतलं.